बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा

ताईने भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग उचललं. तरी बावीसच.

मूळ प्रतीत बेचाळीस होतं. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, अहज्या राजा गादीवर बसला तेव्हा किती वर्षांचा होता, ती ओळ. आणि छापून आलेल्या कागदावर स्वच्छ, ठसठशीत बावीस. त्या फर्म्याच्या, म्हणजे एका कागदावर एकदम छापलेल्या पानांच्या, तीन हजार प्रती पलीकडच्या फळीवर रचून ठेवलेल्या, शाई वाळलेली, दोऱ्यांनी बांधलेल्या.

"आत्या, इकडे ये जरा."

"इथूनच सांग. गुडघे तुझ्या बापाचे नाहीत, माझे आहेत."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तीस वर्षं ती आणि बाबा या टेबलाशी समोरासमोर बसले. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणत. दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून प्रत्येक शब्दाला "आहे" म्हणायचं. मग तोच मजकूर शेवटाकडून पुढे, एकेक शब्द उलटा, म्हणजे अर्थाच्या नादात डोळा फसत नाही. शास्त्र छापायचं तर असंच, हा पणजोबांचा दंडक. आत्याचे डोळे अधू झाले तेव्हा तिची खुर्ची गेल्या वर्षी ताईच्या धाकट्या भावाच्या बायकोला, सूनबाईला, मिळाली. घरात येऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आधी शाळेत गणित शिकवायची.

"चव्वेचाळिसाव्या फर्म्यात बेचाळीसचं बावीस झालंय," ताई म्हणाली. आवाज तिने मुद्दाम खाली ठेवला होता, पण आत्याचे कान म्हणजे विचारूच नका.

"अगं बाई! कोणाचा फर्मा?"

"बाबा आणि सूनबाई. तिने वाचलं, बाबांनी प्रूफ धरलं." ताई घड्याळाकडे बघत होती. पावणेतीन. चार वाजता शास्त्र छापून घेणाऱ्या मंडळाचे परीक्षक येणार, प्रत्येक फर्म्याच्या चिठ्ठीवर 'मूळ प्रतीबरहुकूम, अक्षराचाही फरक नाही' या ओळीखाली प्रूफ वाचणाऱ्यांच्या सह्या बघणार आणि मग गठ्ठे बांधणीला जाणार. "तिनेच चुकीचं वाचलं असणार. बाबा एकावन्न वर्षांत एकदाही चुकले नाहीत."

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. आधी विचार तिला."

ताईला विचारायचं नव्हतं, कारण उत्तर काहीही आलं तरी वाईटच होतं. मजकुरात आपली अक्कल घालणाऱ्याने लेखणी खाली ठेवायची, तीही कायमची, हाही पणजोबांचाच दंडक. थोरल्या काकांनी तरुणपणी एका जागी गल्याथ या महाकाय योद्ध्याच्या मरणाची गोष्ट बदलली होती. शमुवेलाच्या पुस्तकात आधी दावीद त्याला मारतो आणि पुढे कोणी एलहानान मारतो. काकांनी दुसऱ्या जागी गल्याथाऐवजी 'गल्याथाचा भाऊ' असं घातलं, म्हणजे भांडण मिटलं. मिटलं कसलं! त्यांना टेबलावरून उठवलं ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावानेच, म्हणजे बाबांनी. काकांनी दुसऱ्या गावी बियाण्यांचं दुकान टाकलं आणि वीस वर्षं भावाशी एक अक्षर बोलले नाहीत. हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

सूनबाई आत आली तेव्हा तिच्या हातात चहाचा ट्रे होता. ताईने कागद पुढे सरकवला. त्या ओळीवर बोट ठेवलं.

सूनबाईने ओळ वाचली आणि ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला. ती ओळ तिला आठवत होती. विसरणं शक्यच नव्हतं. तिने मोठ्याने बेचाळीस वाचलं होतं, मग थांबली होती, बोटांवर हिशोब केला होता आणि खुदकन हसली होती. "बाबा, याचा बाप बत्तिसाव्या वर्षी गादीवर बसला, आठ वर्षं राज्य करून मेला. म्हणजे चाळिसाव्या वर्षी गेला. आणि लगेच गादीवर बसणारा मुलगा बेचाळीसचा? बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा?" त्यावर बाबाही हसले होते. निदान तिला तरी तसं वाटलं होतं. नंतर बाबांनी हिरव्या पेन्सिलीने समासात काहीतरी केलं होतं, पण काय ते तिने पाहिलं नव्हतं, कारण तिची नजर मूळ प्रतीवर होती.

आता तिला कळलं काय केलं होतं ते.

"माझ्याकडूनच झालं, ताई," ती म्हणाली. "मी बावीस वाचलं असेन. राजांच्या पुस्तकात त्याच राजाचं वय बावीस दिलंय ना, तेच डोक्यात राहिलं असेल."

"उलट्या फेरीतही?"

"उलट्या फेरीतही."

आत्या खिडकीशी जोरात खोकली. तो खोकला नव्हता, सगळ्यांना कळलं.

"खोटं बोलायला शिकायचं तर माझ्याकडे शिकवणी लाव," ती म्हणाली. "दोनदा एकच चूक आणि समोर माझा भाऊ बसलेला? अगं, त्याला झोपेत सुटलेला अनुस्वार ऐकू येतो."

तेवढ्यात धाकटा यंत्राच्या खोलीतून हात पुसत आला. ताईचा धाकटा भाऊ. वय चाळीस, पण घरात अजून बाळ्या. आठवडाभर यंत्र चालवायचा आणि रविवारी देवळात, चर्चमध्ये, उपदेश करायचा. दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा.

"काय झालं? सगळ्यांची तोंडं का उतरलीत?"

सांगितलं. त्याने आधी बायकोकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पुन्हा बायकोकडे.

"तू असं करणार नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा ना."

"का गप्प बसू? तू खोटं बोलायला लागलीस की तुझे कान लाल होतात. आत्ता झालेत."

ताईला भावाचं कौतुकही वाटलं आणि रागही आला. बायकोची बाजू घेतली ते चांगलं, पण त्यातून उरतं कोण? खोलीत चौघं होते, आणि फर्मा वाचणारं पाचवं माणूस आतल्या खोलीत दुपारची डुलकी काढत होतं. ताईने मान हलवली, जणू नको असलेला विचार झटकून टाकता येतो.

"मी सांगते काय करायचं. आत्ता अक्षरांचे खिळे बदलायचे, तीन हजार कागद रद्दीत टाकायचे, नवे छापायचे. बाळ्या, परीक्षक येईपर्यंत होईल?"

"पहिले काही शे होतील. बाकी संध्याकाळी."

"पुरे. आणि कोणी कोणाला काही बोलायचं नाही."

"कोणी कोणाला काय बोलायचं नाही?" दारातून आवाज आला.

बाबा उभे होते. केस विस्कटलेले, एक बाही दुमडलेली, एक सुटलेली. हातात एक जाडजूड निळी वही. वय शहात्तर, पण नजर शाबूत. चष्मा फक्त लोकांना बरं वाटावं म्हणून लावतात असं आत्या म्हणायची. ते आले, आपल्या खुर्चीत बसले, वहीतून घडी घातलेलं प्रूफ काढलं आणि टेबलावर पसरलं. समासात हिरव्या पेन्सिलीने बेचाळीस खोडून बावीस लिहिलेलं होतं. अक्षर बारीक, गोल, सुबक. ते अक्षर कोणाचं हे विचारायची गरज नव्हती.

"हे मी केलं," बाबा म्हणाले. "सूनबाईने बरोबर वाचलं होतं."

ट्रेमधला चहा निवत चालला होता आणि तो घ्यायचं कोणाला सुचत नव्हतं.

ताईने प्रूफ हातात घेतलं. तिला वाटलं होतं की राग येईल. आला नाही. लहानपणी याच टेबलाखाली बसून तिने वडिलांच्या आवाजात सगळे स्वल्पविराम ऐकले होते. अक्षरं शिकायच्या आधी तिला विरामचिन्हं कळत होती. या माणसाच्या हातून लेखणी काढून घ्यायची, तीही तिने? आपलेच दात, आपलेच ओठ.

"नजरचूक असेल," ती म्हणाली.

"नजरचुकीने कोणी पेन्सिलीला टोक करून लिहितं का?"

"मग का केलंत?"

बाबांनी सुटलेली बाही दुमडली. निळी वही त्यांच्यासमोर होती आणि धाकट्याची नजर तिच्यावर गेली. त्याने ती ओढून उघडली. पहिल्या पानावरच आकडे: एक, दोन, तीन. तो उभ्या उभ्या वाचायला लागला आणि हळूहळू खाली बसला.

"योसेफाचा बाप," त्याने वाचलं. "मत्तय म्हणतो याकोब, लूक म्हणतो एली. दगाबाज यहूदाचा शेवट. मत्तय म्हणतो त्याने पैसे मंदिरात फेकले, गळफास घेतला आणि शेत याजकांनी घेतलं. लूकच्याच प्रेषितांच्या पुस्तकात शेत त्यानेच घेतलं आणि तिथेच पालथा पडून मेला. शलमोनाचे तबेले, एकीकडे चाळीस हजार, दुसरीकडे चार हजार. जनगणना करायची बुद्धी दाविदाला देवाने दिली, पुढे तीच सैतानाने दिली. मत्तयाने यिर्मयाचं म्हणून दिलेलं वचन जखऱ्याशी जुळतं." त्याने पानं उलटली. "एकशे सात? बाबा, एकशे सात?"

"एकशे आठ. कालचं लिहायचं राहिलंय."

"अर्ध्याहून जास्त माझ्या अक्षरात आहेत," आत्या म्हणाली. "उगाच सगळं श्रेय त्याला देऊ नका."

धाकट्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. त्याला वाईट वाटलं ते चुकांचं नव्हे, वहीचं. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून बापाने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"याला सगळ्याला उत्तरं आहेत," तो म्हणाला. "योसेफाचा एक बाप रक्ताचा, एक कायद्याचा. यहूदाने गळफास घेतला, मग दोरी तुटली, मग तो पडला."

"आणि शेत?" आत्याने विचारलं. "ते दोरी तुटायच्या आधी घेतलं की पडता पडता?"

"आत्या!"

"अरे, विचारते फक्त. माझ्या डोक्यात तीस वर्षं आहे."

"याजकांनी त्याच्या पैशातून घेतलं म्हणजे त्यानेच घेतलं, असं—"

"असं लिहिलंय का?" बाबांनी मऊपणे विचारलं. "बाळ्या, तू दोरी कुठून आणलीस? ना मत्तयाने तोडली, ना लूकने. तू तोडलीस. देवळात तोडायला माझी ना नाही. इथे, या टेबलावर, नाही तोडायची."

"मग या चुका आहेत म्हणता?"

"काही चुका आहेत. काही दोन माणसांनी दोन तऱ्हांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत. कबरीपाशी एक तरुण होता की दोन देवदूत, ते मी दुसऱ्यात धरतो. हा बेचाळीस मात्र सरळसरळ चूक आहे. कोणाला तरी नक्कल करता करता डुलकी लागली, संपलं. गणित आहे ते, त्याला उपदेश लागत नाही."

"मग मी दर रविवारी लोकांना काय सांगतो?" धाकट्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "एकही अक्षर चुकलेलं नाही असं सांगतो."

"आणि मी दर रविवारी पहिल्या बाकावर बसून ऐकतो. कधी उठून गेलोय?"

"तुम्हाला हसू येत असेल."

"तुझं ऐकताना? छे रे. तू दुखणाईतांसाठी प्रार्थना करतोस ना, तेव्हा माझे डोळे भरतात. त्यासाठी येतो मी. अक्षरं मी इथे मोजतो."

धाकट्याने वही मिटली. रडू येतंय हे लपवायला त्याने नाक शाईच्या फडक्याला पुसलं आणि नाक काळं करून घेतलं. सूनबाईने आपला रुमाल दिला.

"पण बाबा," ती म्हणाली, "एकशे सात जागा तुम्ही तशाच ठेवल्यात. एकावन्न वर्षं. मग ही एकच का?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. टेबलाच्या त्या बाजूला तीस वर्षं बहीण होती, आणि आता ही मुलगी. दुसऱ्या घरातून आलेली, दुसऱ्या प्रार्थना म्हणत वाढलेली. लग्नानंतर तिने कोणी न सांगता शास्त्र वाचायला घेतलं होतं. रोज संध्याकाळी दोन पानं. आणि त्यांना ते किती आवडलं होतं हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तू हसलीस," ते म्हणाले.

"हो, पण—"

"चूक नव्हती तुझी. हसण्यासारखंच आहे ते. पण मला लाज वाटली, पोरी. पाहुण्यासमोर घरातलं फाटकं अंथरूण उघडं पडावं तशी. मला वाटलं, ही आमच्या घरी आली, आमचं पुस्तक उघडलं, आणि त्यात मुलगा बापापेक्षा मोठा! उद्या म्हणेल, यांचं सगळंच असलं. एवढं एक नीट करून ठेवावं. माझ्या भावाला याच गोष्टीसाठी मी उठवलं होतं, आणि तेव्हा मला कळलं नव्हतं की माणूस असं का करतो. त्या दिवशी कळलं."

सूनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ताईला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मघाशी तिच्यावर संशय घेतल्याची एवढी शरम वाटली की घेता येईना.

"मी त्याला हसत नव्हते," सूनबाई म्हणाली. "बाबा, मी नऊ वर्षं पेपर तपासलेत. दोघांच्या वह्या तंतोतंत सारख्या आल्या की मी ओळखायचे, कोणीतरी कोणाचं तरी बघून लिहिलंय. इथे एवढी जुनी चूक, एवढे शहाणे येऊन गेले, आणि तुमच्या या घराने ती पुसली नाही. मला वाटलं, काय माणसं आहेत ही! मी आनंदाने हसले."

"घ्या," आत्या म्हणाली. "दोघंही शहाणे. एकमेकांना विचारायला काय झालं होतं?"

सगळे एकदम हसले. बाबासुद्धा. पण घड्याळात साडेतीन वाजायला आले होते.

ताई उठली आणि दार लावून घेतलं. एवढी कडक ताई, जिच्या नाकावर माशी बसत नाही, ती वडिलांच्या खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसली.

"बाबा, ऐका माझं. खिळे बदलतो, कागद नवे छापतो. पुस्तकात बेचाळीसच येईल. हे प्रूफ मी जाळून टाकते. तुम्ही चिठ्ठीवर सही करा. काहीही खोटं राहत नाही. पाच माणसांत राहील ही गोष्ट."

"राहील," धाकटा म्हणाला. उपदेश करणारा धाकटा!

आत्याने मानेनेच हो म्हटलं.

बाबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "तू आत्ता काय करतेयस, कळतंय का? आपल्या माणसाला लाज वाटू नये म्हणून मजकूर बदलतेयस. मीही तेच केलं."

"मला चालेल."

"मला कळतं. पण मग थोरल्याला उठवलं ते कशासाठी? मी आज सही केली तर त्याची वीस वर्षं मी फुकट घालवली असं होईल."

ताई बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, चांगली मोठ्याने, लहान मुलीसारखी. आणि कोणी तिला थांबवलं नाही.

परीक्षक चारला पाच मिनिटं असताना आले. बुटके, थकलेले, सज्जन गृहस्थ. अठरा वर्षं याच कामासाठी येत होते आणि बाबांना मान देऊन उभ्यानेच बोलायचे. धाकटा यंत्रावर होता. खिळे बदलून यंत्र जुळवतानाचा खडखडाट आतून ऐकू येत होता. बाबांनी काही न लपवता सगळं सांगितलं, प्रूफ दाखवलं आणि हिरवी पेन्सिल त्यांच्यासमोर ठेवली.

परीक्षकांनी प्रूफ उजेडात धरून ती ओळ वाचली.

"खरं सांगू का," ते हळू आवाजात म्हणाले, "हल्लीच्या काही भाषांतरांत बावीसच छापतात. मी मंडळात शब्द टाकला तर हे असंच जाईल. तुमचा फर्माही वाचेल, आणि तुमची सहीही."

ताई टेबलाजवळ सरकली. सूनबाईही.

"त्यांनी ठरवून, बसून, तळटीप देऊन बदललं असेल," बाबा म्हणाले. "मी चोरून बदललं. पुस्तक तुमच्या मंडळाने बदलावं, खुशाल. वाचणाऱ्याने नाही."

परीक्षकांनी सुस्कारा टाकला आणि वाचकांची नोंदवही काढली. बाबांच्या नावासमोर रेघ मारली. शेजारी कारणाचा रकाना होता. तिथे त्यांची लेखणी थांबली.

"वयोमान लिहितो," ते म्हणाले. "सगळ्यांचं तेच लिहितो. कोणी काही विचारत नाही."

"वय झालं नाही माझं. डोळे ठणठणीत आहेत. जे आहे ते लिहा."

"काय लिहू मग?"

"लिहा, सून घरात नवीन होती. तिला आमचं घर खरं वाटावं, असं वाटलं."

परीक्षकांनी मान वर करून बघितलं. थट्टा नव्हती. त्यांनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले. रकाना लहान पडला म्हणून दुसरी ओळ समासातून खाली उतरवली.

त्यांना सोडायला ताई दारापर्यंत गेली. आतून धाकट्याने नव्या फर्म्याचं पहिलं ओलं प्रूफ आणून टेबलावर ठेवलं. वाचायला हवं होतं. सह्या आता सूनबाईच्या आणि ताईच्या पडणार होत्या, त्यासाठीची फेरी ताई परतल्यावर.

बाबा उठले. खुर्चीची पाठ धरून जरा वेळ उभे राहिले, कारण यापुढे कुठे बसायचं हे त्यांना कळेना. एकावन्न वर्षांत त्या खोलीत त्यांनी दुसरी जागा बघितलीच नव्हती.

सूनबाईने मूळ प्रत आपल्या जागेसमोर उघडी ठेवली आणि स्वतः फिरून त्यांच्या खुर्चीत बसली, प्रुफावर बोट ठेवून.

"तुम्ही माझ्या जागी बसा, बाबा. वाचा," ती म्हणाली. "वाचायला सही लागत नाही."